शेजारची खाट

मुंबईच्या परळ भागात, डॉ. अर्नेस्ट बोर्जेस या गोमंतकीय शल्यविशारदाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावर, टाटा स्मारक रुग्णालयाची जी वास्तू १९४१ सालापासून उभी आहे, तिच्या पायाशी एका घराचे दुःख आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या आणि पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. ज्या घराला जगातल्या कोणत्याही देशाचा निष्णात वैद्य गाठणे अशक्य नव्हते, त्या घरालाही या रोगावर इलाज मिळाला नाही, कारण इलाज अस्तित्वातच नव्हता. दोराबजींच्या विश्वस्त निधीने पुढे हे रुग्णालय उभारले, १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आले, आणि आज रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेली मुले बंगालमधून, बिहारमधून, आसामातून, तशीच मराठवाड्यातून आणि खानदेशातून आईबापांचे बोट धरून तेथे येतात. त्यांच्या रोगाविषयी आणि औषधांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहावयाचे आहे ते त्यांच्या मैत्रीविषयी. तपासणीच्या रांगेत, रक्त देण्याच्या खुर्चीवर आणि शेजारशेजारच्या खाटांवर जडणारी ही मैत्री कोणत्याही केसपेपरात नोंदली जात नाही, आणि तरीही त्या मुलांच्या आयुष्यातील अत्यंत महत्त्वाच्या गोष्टी तिच्याच द्वारे घडत असतात.

वैद्यकाच्या इतिहासात ही मैत्री फार अलीकडची आहे, आणि त्याचे कारण विचार करण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत तीव्र स्वरूपाचा रक्तकर्करोग झालेले मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत दगावत असे. रुग्णालयात दाखल होणे आणि डोळे मिटणे यांच्यामध्ये शेजारच्या खाटेवरील मुलाचे नाव, गाव आणि आवडनिवड कळण्याइतकी सवडच त्याला मिळत नसे. ही सवड प्रथम मिळाली ती १९४७-४८ च्या सुमारास, अमेरिकेतील बोस्टन शहरी. डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनॉप्टेरिन नावाचे द्रव्य १६ मुलांना देऊन पाहिले आणि त्यांपैकी १० मुलांना उतार पडल्याचे १९४८ च्या जून महिन्यात प्रसिद्ध केले. हे द्रव्य ज्या प्रयोगशाळेतून त्यांच्या हाती आले, तेथील संशोधनाची सूत्रे आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. भारतीय वाचकांनी हे नाव आवर्जून लक्षात ठेवावे. तो उतार टिकाऊ नव्हता, रोग पुन्हा उलटला. परंतु मृत्यूच्या हुकमाला मुदतवाढ मिळू शकते, ही गोष्ट सिद्ध झाली. पुढे आपल्या परसात उगवणाऱ्या सदाफुलीपासून काढलेले व्हिन्क्रिस्टीन आले, आणि १९६२ साली मेम्फिस येथे उघडलेल्या सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधांची एकत्र योजना करून, शिवाय मेंदूच्या आवरणात दडून बसणाऱ्या रोगपेशींवरही मारा करून, त्या दशकाच्या अखेरीस निम्म्याच्या आसपास मुलांना कायमचे बरे करण्यापर्यंत मजल मारली. आज हा उपचार साधारणपणे दोन ते अडीच वर्षे चालतो. बाल्याच्या मोजमापाने अडीच वर्षे हा केवढा दीर्घ काळ! पाच वर्षांच्या मुलाचे ते निम्मे आयुष्य होय. जी मैत्री पूर्वी होऊच शकत नव्हती, तिला शास्त्राने वेळ मिळवून दिला. आणि त्या वेळाबरोबरच मित्राला आजारात खंगताना पाहण्याचे आणि कधी त्याला गमावण्याचे दुःखही या मुलांच्या पदरी घातले.

या दोन-अडीच वर्षांत मूल काय काय सोसते, हे ज्यांनी जवळून पाहिले नाही त्यांना ही मैत्री समजणार नाही. पहिला महिना बहुधा रुग्णालयातच किंवा त्याच्या आसपास जातो. कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, पाठीच्या कण्यात सुई घालून औषध सोडतात, शिरा सापडेनाशा होतात. स्टेरॉइडमुळे अशी भूक लागते की मूल मध्यरात्री उठून जेवायला मागते, चेहरा वाटोळा होतो, स्वभाव चिडखोर होतो. मग तोंड येते आणि पाण्याचा घोटही नकोसा होतो. केस गळतात. लाल रंगाचे औषध दिले की लघवीही लाल होते आणि ठाऊक नसलेले मूल भयाने पांढरेफटक पडते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या, म्हणजे त्यांच्या बोलीत 'काउंट' कमी झाले, की साधा तापही जिवावर बेतू शकतो, म्हणून मास्क, म्हणून उकळलेले पाणी, म्हणून गर्दीत जाण्यास मनाई. आणि या सगळ्यात घर दूर, शाळा सुटलेली, वर्गमित्र पुढल्या इयत्तेत गेलेले. काही गावांतून अजून असाही समज आहे की हा रोग संसर्गाने होतो. तेव्हा उपचाराच्या मधल्या काळात मूल घरी गेले तरी शेजारपाजारची मुले त्याच्याशी खेळायला धजत नाहीत, किंवा त्यांना खेळू दिले जात नाही. हा समज साफ खोटा आहे. कर्करोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

अशा मुलाला जगात आपण वेगळे वाटत नाही अशी एकच जागा उरते, आणि ती म्हणजे वॉर्ड. तेथे सगळ्यांचीच डोकी केसाविना, सगळ्यांच्याच हाताला सलाईनची पट्टी. तेथे त्याच्याकडे कोणी टक लावून पाहत नाही, आणि कोणी पाहिलेच तर ते ओळखीच्या नजरेने. पंढरीच्या वाटेवर प्रथमच निघालेल्याला जुना वारकरी जसा न विचारता मुक्काम, पाणवठे आणि चढउतार सांगत जातो, तसे वॉर्डात चार महिने काढलेले सात वर्षांचे मूल नव्याने आलेल्या दहा वर्षांच्या मुलाला सारे काही सांगते: कोणत्या सिस्टरचा हात हलका आहे, पाठीतल्या इंजेक्शनानंतर उताणे का पडून राहायचे, लाल लघवीला का भ्यायचे नाही, केस पुन्हा कसे उगवतात. येथे वडीलपण वयावर ठरत नाही. जो अधिक सोसून आला तो थोरला. हे ज्ञान डॉक्टरही देतात, परंतु डॉक्टरांनी सांगितलेले आणि स्वतः सुई टोचून घेतलेल्या सोबत्याने सांगितलेले यांत मूल फरक करते, आणि तो फरक करण्यात त्याचे काहीच चुकत नाही.

भाषेची अडचण येत नाही काय, असे कोणी विचारील. जालन्याकडचे मूल आणि मुर्शिदाबादकडचे मूल यांच्यात समान अशी भाषा नसते. पण पत्ते, खेळण्यातली मोटार, मोबाइलवरील खेळ आणि मुंबईची मोडकीतोडकी हिंदी एवढ्या भांडवलावर त्यांचा व्यवहार आठवड्याभरात सुरळीत चालू लागतो. मोठ्यांना ज्या ओळखीला वर्ष लागते ती मुले दोन संध्याकाळांत साधतात.

आपल्याकडे या मैत्रीला आणखी एक आधार आहे, आणि तो म्हणजे आई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडातील रुग्णालयांत आजारी मुलाला भेटण्याची मुभा आईबापांना अतिशय तुटपुंजी असे. कित्येक ठिकाणी आठवड्यातून ठरावीक वेळी, ठरावीक घटका. आईबाप आले की मुले रडतात आणि वॉर्डाची शिस्त बिघडते, असे त्यामागचे समर्थन होते. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर केलेल्या चित्रपटाने त्या समर्थनाला जबर धक्का दिला, आणि १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने आईबापांना मुक्तद्वार द्यावे अशी शिफारस केली. आपल्या सार्वजनिक रुग्णालयांना हा धडा शिकावा लागला नाही, कारण येथे मुलाची आई खाटेच्या पायथ्याशी चटई टाकून पहिल्या दिवसापासून असतेच. मनुष्यबळाच्या तुटवड्यामुळे का होईना, पण असते. त्यामुळे आपल्याकडील वॉर्डात मुलांच्या मैत्रीबरोबर आयांचाही स्नेह वाढतो. एकीच्या मुलाला रक्त चढत असताना दुसरी तिच्यासाठी चहा आणते, कागदपत्रांवर सही कोठे करायची ते दाखवते, मदतनिधीचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यावयाचा ते सांगते. मुंबईत ज्यांना आसरा नाही अशा कुटुंबांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने आधार दिला आहे. २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया या संस्थेच्या निवासांतही बाहेरगावच्या बालरुग्णांना आईबापांसह विनामूल्य राहता येते, आणि तेथील सामाईक स्वयंपाकघरात माता आपापला स्वयंपाक करतात. ज्यांना यांपैकी कोठेच जागा मिळत नाही, त्यांची बिऱ्हाडे रुग्णालयाभोवतीच्या पदपथावर पडतात. पदपथावरही मुले खेळतात. पण ज्याचे काउंट कमी आहेत अशा मुलाला धुळीत झोपावे लागणे ही या संपन्न नगरीला शोभणारी गोष्ट नव्हे.

आता मी विषयाच्या गाभ्याशी येतो. मुलांच्या या मैत्रीकडे थोरामोठ्यांनी बहुधा कौतुकाने पाहिले. तिच्याकडे अभ्यासकाच्या शांत आणि निर्भय दृष्टीने पाहिले ते मायरा ब्ल्यूबॉण्ड-लँगनर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ विदुषीने. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, म्हणजे रक्तकर्करोगातून वाचणारी मुले अजून थोडीच होती अशा काळी, अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका रुग्णालयात तीन ते नऊ वर्षे वयाच्या मुलांमध्ये ती महिनोन्‌महिने वावरली. कोणी डॉक्टर म्हणून तिला भीत नव्हते, आई म्हणून तिच्यापुढे काही लपवत नव्हते. तिचे निष्कर्ष १९७८ साली 'द प्रायव्हेट वर्ल्ड्स ऑफ डाइंग चिल्ड्रन' या ग्रंथात प्रसिद्ध झाले, आणि बालरुग्णांशी कसे बोलावे याविषयीचा पुढचा सगळा विचार कोणत्या ना कोणत्या प्रकारे या ग्रंथाचा ऋणी आहे.

तिला आढळले ते असे. या मुलांना त्यांच्या रोगाचे खरे स्वरूप कोणीही सांगितले नव्हते. आईबापांनी नाही, डॉक्टरांनी नाही. तरीही जवळजवळ सर्व मुलांना ते कळले होते, आणि ते एकदम न कळता पायरीपायरीने कळले होते. प्रथम एवढे कळते की आपल्याला झालेला आजार गंभीर आहे. मग औषधांची नावे आणि त्यांचे त्रास कळतात. तिसऱ्या पायरीवर कोणता उपचार कशासाठी ते उमगते. चौथ्या पायरीवर मूल जाणते की हा आजार जातो आणि उलटतो, पुन्हा जातो आणि पुन्हा उलटतो. आणि पाचव्या पायरीवर त्याला कळते की या येण्याजाण्याला शेवट आहे आणि तो शेवट मृत्यू आहे. या पायऱ्यांना वयाचे बंधन नव्हते. तीन-चार वर्षांचे, पण पुष्कळ भोगलेले मूल नऊ वर्षांच्या नवख्या मुलापेक्षा अधिक जाणत असे, कारण ज्ञान बुद्धीच्या वाढीतून न येता अनुभवातून येत होते, आणि अनुभवाची देवाणघेवाण होत होती ती मुलामुलांत. थोरांची पाठ वळली, की ती आपल्या औषधांची, त्रासाची आणि कोण कोठे गेले याची खातरजमा एकमेकांकडून करून घेत.

यातली सर्वांत गंभीर गोष्ट अशी, की चौथ्या पायरीवरून पाचव्या पायरीवर मूल जात असे ते वॉर्डातील एखाद्या बरोबरीच्या मुलाच्या मृत्यूची वार्ता कळल्यावर. त्याला हीच औषधे मिळत होती, त्याचाही आजार असाच उलटला होता, आणि तो आता नाही. तेव्हा माझेही तसेच होणार, हा तर्क कोणीही शिकवला नसताना मूल स्वतःच्या मनाशी पुरा करते. त्यानंतर त्याचे वागणे बदलते. गेलेल्या मुलाचे नाव ती घेत नाहीत, त्याच्या खेळण्यांना हात लावत नाहीत. 'मी मोठा झालो की' असे म्हणणे बंद होते. सण आणि वाढदिवस वेळेआधीच साजरे करण्याचा हट्ट काही मुले धरीत. वाचून दाखवण्यासाठी कोणते पुस्तक हवे असे विचारले, तर ई. बी. व्हाइट यांची 'शार्लट्स वेब' ही कादंबरी, आणि तिच्यातही शार्लट नावाची कोळीण मरते तोच भाग, त्यांना पुन्हा पुन्हा हवा असे. ही मुले अबोल होती, पण अजाण मुळीच नव्हती.

मग ती आईबापांशी का बोलत नव्हती? कारण आपण बोललो तर आई रडेल, खोलीबाहेर निघून जाईल, आणि आपण एकटे पडू, हे त्यांनी ओळखले होते. बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६५ साली मरणासन्न प्रौढ रुग्णांच्या बाबतीत ज्या स्थितीचे वर्णन केले होते, तीच येथे होती: दोन्ही बाजूंना सत्य ठाऊक, आणि दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळण्यासाठी ते ठाऊक नसल्याचे सोंग वठवीत राहतात. आपण समजतो की मोठी माणसे लहानांना सत्यापासून वाचवीत असतात. प्रत्यक्षात चार वर्षांची मुले मोठ्यांना वाचवीत होती. हे सोंग जेथे वठवावे लागत नसे, अशी नाती थोडी होती. शेजारच्या खाटेवरील मित्र हे त्यांतले पहिले. माझ्या मते या मैत्रीचे सारे सामर्थ्य येथेच आहे. खेळायला सवंगडी तर कोठेही मिळतो. येथे मिळतो तो असा मनुष्य, ज्याच्यापुढे धीराचा मुखवटा घालावा लागत नाही.

आपल्या मराठी घरांतून सत्य लपवण्याची रीत किती खोल आहे, हे निराळे सांगायला नको. कित्येक घरांत वडिलांना कॅन्सर झाल्याचे वडिलांपासून लपवतात. तेथे मुलाला कोण सांगणार? २००४ साली आलेल्या 'श्वास' या संदीप सावंत दिग्दर्शित मराठी चित्रपटाने हाच प्रश्न सर्वांपुढे मांडला होता. डोळ्याच्या कर्करोगामुळे ज्याची दृष्टी जाणार आहे त्या नातवाला, शस्त्रक्रियेआधी ती गोष्ट सांगितलीच पाहिजे असे डॉक्टरांचे म्हणणे, आणि कोकणातून आलेल्या आजोबांच्या तोंडून ती फुटत नाही. त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि घरोघरी लोकांनी अश्रू ढाळले. अश्रूंबरोबर तो प्रश्नही घरी न्यायला हवा होता, असे मला राहून राहून वाटते.

वॉर्डात एखादे मूल गेले, की सकाळी त्याची खाट रिकामी असते, चादर बदललेली असते, आणि शेजारचे मूल विचारते, तो कोठे गेला? बहुतेक ठिकाणी मिळणारे उत्तर ठरलेले असते: गावाला गेला. हे उत्तर देणाऱ्या आईचे किंवा परिचारिकेचे हृदय मी समजू शकतो. त्या क्षणी दुसरे शब्द सुचणे कठीण आहे. परंतु या उत्तराने काय घडते ते पाहा. उपचार पुरे होऊन बरी झालेली मुलेही गावालाच जातात. किंबहुना गावाला जाण्याची वाट पाहत तर प्रत्येक मूल दिवस मोजत असते. जो मेला तोही गावाला गेला आणि जो बरा झाला तोही गावाला गेला, असे सांगून आपण त्या मुलाची एकुलती एक आशा संशयाने भरून टाकतो. जाताना त्याच्या मित्राची आई हुंदके देत होती, सामान घाईने उचलले गेले, कोणी पेढे वाटले नाहीत, हे सारे त्याने पाहिलेले असते. त्याला उत्तर मिळत नाही. मात्र एवढे कळते की हा प्रश्न पुन्हा विचारावयाचा नाही. आणि मग तो स्वतःच्या दुखण्याविषयीही विचारीत नाही.

सत्य सांगितल्याने मूल खचेल, आणि पुढे आपल्यालाच पश्चात्ताप होईल, ही भीती कितपत खरी आहे याचा शोध स्वीडनमधील संशोधकांनी घेतला आणि तो २००४ साली प्रसिद्ध केला. १९९२ ते १९९७ या काळात ज्यांची मुले कर्करोगाने दगावली अशा आईबापांना त्यांनी विचारले, की तुम्ही मुलाशी त्याच्या मृत्यूविषयी बोलला होता काय, आणि त्याविषयी आता काय वाटते? ४२९ जणांनी याचे उत्तर दिले. जे बोलले होते त्या १४७ जणांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. जे बोलले नव्हते अशा २५८ जणांपैकी ६९ जणांना, म्हणजे चौघांत एकाहून अधिक जणांना, न बोलल्याची खंत लागून राहिली होती. स्वीडन वेगळे आणि सोलापूर वेगळे, हे मान्य. पण ज्या आईबापांनी ते दुःख भोगले त्यांची ही साक्ष आहे, आणि साक्षीला प्रांताची हद्द नसते.

या मैत्रीवर निसर्गाने घातलेली बंधनेही आहेत. मज्जारोपण झालेल्या मुलाला कित्येक आठवडे बंद खोलीत राहावे लागते आणि सोबत्याला काचेतून हात दाखवण्यापलीकडे काही करता येत नाही. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात, ज्यात फुप्फुसांत घट्ट कफ साचत जातो, याहून कठोर स्थिती आली. पाश्चात्त्य देशांत या मुलांसाठी उन्हाळी शिबिरे भरत, आणि वर्षभर त्यांची वाट पाहणारी मुले तेथे आपल्यासारख्यांना भेटत. परंतु काही घातक जंतू या रोगाच्या एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातात असे १९९० च्या सुमारास स्पष्ट झाल्यावर ती शिबिरे बंद करावी लागली, आणि आता हा रोग असलेल्या दोघांनी एकमेकांपासून निदान सहा फूट दूर राहावे असा दंडक आहे. ज्याला आपले दुःख सर्वांत अधिक कळेल त्याच्याच जवळ जायचे नाही! थॅलसेमियाच्या मुलांचे नशीब या बाबतीत बरे म्हणायचे. त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त घ्यावे लागते, एकाच वाराला येणारी मुले वर्षानुवर्षे एकत्र वाढतात, आणि रक्त चढत असताना शेजारी बसून गृहपाठही करतात.

कर्करोगातून बरी झालेली मुले हा या हकिकतीचा दुसरा अध्याय आहे, आणि तो आनंदाचा आहे. टाटा रुग्णालयात उपचार पुरे झालेल्यांसाठी १९९१ साली स्वतंत्र तपासणी विभाग सुरू झाला, कारण रोग गेला तरी औषधांचे परिणाम हृदयावर, हाडांवर, वाढीवर उमटतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. डॉ. दारा जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ साली स्थापन केलेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने, लहानपणी कर्करोगातून वाचलेल्या तरुणांचा 'उगम' हा गट २००९ पासून काम करतो. जे एकेकाळी वॉर्डात केसाविना हिंडत होते, ते आज नोकरीधंद्याला लागलेले तरुण त्याच रोगाशी झगडणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना भेटतात. बरे होता येते, असे शंभर वेळा सांगण्यापेक्षा बरा झालेला माणूस समोर उभा राहणे किती प्रभावी असते! वाचलेल्यांपैकी काहींच्या मनात मात्र गेलेल्या मित्राविषयी बोच असते: तो गेला आणि मी राहिलो, असे का? या प्रश्नाला उत्तर नाही. पण तो ज्याला विचारता येईल असे माणूस भेटणे हाही आधार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी जगात सुमारे ४ लाख मुलांना व किशोरांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, आणि पुष्कळ गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी. औषधे तीच आहेत. फरक पडतो तो निदानाला लागणाऱ्या उशिराने, पैशाच्या ओढीने, आणि उपचार अर्धवट टाकून गावी परतण्याने. या शेवटच्या कारणावर मैत्रीचाही थोडा इलाज चालतो, असे मला वाटते: जेथे मुलाला सवंगडी आहे आणि आईला सखी आहे, तेथे एवढा लांबचा पल्ला सोसणे थोडे सुकर होते.

म्हणून वाचकांपाशी माझे मागणे आहे. तुमच्या ओळखीतले मूल अशा आजाराने अंथरुणाला खिळले असेल, तर डॉक्टरांना विचारून त्याच्या शाळेतील मित्रांना त्याच्याकडे येऊ द्या, आणि वॉर्डात जोडलेले मित्र घरी आल्यावरही तुटू देऊ नका. फोन सर्वांच्या हाती आहेत, ते त्या कामी लावा. मुलाने आपल्या आजाराविषयी विचारले तर त्याला झेपेल एवढे, पण खरे सांगा. रुग्णालयांच्या चालकांनी प्रत्येक बालविभागात मुलांशी बोलण्याचे शिक्षण घेतलेला निदान एक समुपदेशक नेमावा आणि मुलांना एकत्र खेळता येईल अशी जागा राखावी. औषधाच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. आणि शेजारची खाट रिकामी झाली, मुलाने मित्राचे नाव घेऊन विचारले, तर त्याला जवळ घ्या, तो वारला असे सांगा, त्याला रडू द्या, आणि त्याच्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहा. तो प्रश्न स्वतःविषयीचा असेल. त्या वेळी उठून जाऊ नका.